भिंतीवरचा दहावा चौकोन

डोमाजीभाऊंना ‘जेवलात का?’ असं सहज विचारू नये. आमच्या सिहोऱ्यात हे सगळ्यांना माहीत आहे, बाहेरगावचे पाहुणे मात्र फसतात. भाऊ लगेच उकिडवे बसतात, काडीनं मातीत एक गोल काढतात आणि त्याचे वाटे पाडतात. “हा एवढा भात. हे वरन. हे इतकुसं वांग्याचं.” शेवटी एक बारीक फाक उरते. पाहुणा विचारतो, हे काय? “भूक. थोडी ठेवली हाये.”

भाऊ माझे शेजारी, निवृत्त कृषी सहायक. खिशात पेनाऐवजी चार खडू. हिरवा धानाचा, निळा पाण्याचा, लाल धोक्याचा. पिवळा कशाचा, असं विचारलं तर म्हणतात, “त्याचा अजून विचार करून राहिलो.” नोकरीत असताना आलेलं प्रत्येक परिपत्रक ते चित्रात उतरवून पारावर लावत आणि शेतकरी ते उभ्या उभ्या समजून घेत. “अक्षर वाचा लागते मास्तर, चित्र दिसून जाते,” हे त्यांचं पालुपद. मी जन्मभर शाळेत अक्षरंच शिकवली, त्यामुळे हे वाक्य मला जरा लागतं.

एकदा मात्र चित्रानंच दगा दिला. ग्रामसभेसाठी भाऊंनी आळीवार धानाचं पीक मांडलं. चित्रातलं एक पोतं म्हणजे शंभर पोती, असं कोपऱ्यात लिहिलं होतं. पण भाऊंच्या फळ्यावरचं लिहिलेलं कोण वाचतो? खालच्या आळीपुढे तीनच पोती दिसली आणि अख्खी आळी उठून उभी राहिली. “आमी काय वावरात झोपा काढल्या का?” त्यांच्यातल्या सुखरामनं विचारलं. भाऊ मुकाट्यानं बसले आणि तीनशे पोती एकेक करून काढली. फळा संपल्यावर उरलेली पोती पंचायतीच्या भिंतीवर गेली. ते पाहून वरची आळी म्हणाली, आमचीबी काढा.

भाऊंच्या बायकोचं, कौशल्यावहिनींचं, यावर एकच म्हणणं असे. “देवानं तोंड देल्लं, तरी हे भिंतीसंगच बोलतेत.” वहिनी शाळेत कधी गेल्या नाहीत.

मागच्या वर्षी भाऊंच्या छातीत दुखू लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. आम्ही काळजीनं जमलो, तर भाऊंनी अंगणात तलाव काढला, त्यातून निघणारे तीन पाट काढले आणि दोन पाटांत लाल खडू भरला. “गाळ बसला. पानी जाऊन नाही राहिलं. डाक्टर नवे पाट काढून देते म्हनते.” सगळ्यांना झटक्यात कळलं. सुखराम म्हणाला, “मंग उन्हाळ्यातच काढाचा होता ना गाळ.”

अडचण वहिनींची होती. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये, सोबत जाता येईना. मुलगा नागपूरला भाऊंजवळ राहणार, डबा माझी बायको देणार, पण वहिनींच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या भाऊच रोज हातावर ठेवत. निघण्याआधी त्यांनी वहिनींच्या खाटेजवळची भिंत रंगवली. दहा दिवसांचे दहा चौकोन. प्रत्येकात उगवता सूर्य आणि पांढरी गोळी, चांदणी आणि गुलाबी गोळी. गोळी घेतली की वहिनींनी कोळशानं त्यावर रेघ मारायची. दहाव्या दिवशी भाऊ परतणार होते. त्या चौकोनात गोळ्या होत्या, पण अर्धी जागा कोरी होती.

“इथं काय?” मी विचारलं.

“इथं मी पाह्यजे. पन येतो का नाही, हे आज कसं सांगू? अंदाजानं चित्र काढत नसतेत, मास्तर.”

हे ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. वहिनी खाटेवरून ऐकत होत्या.

दहाव्या दिवशी गाडी दाराशी थांबली. मी भाऊंना हात धरून आत आणलं. त्यांनी आधी भिंत पाहिली. तोवरच्या एकूणएक गोळीवर रेघ होती. आणि दहाव्या चौकोनात कोळशानं काढलेला एक माणूस उभा होता. डोकं भोपळ्याएवढं, मिशा खांद्यापर्यंत, खिशात चार खडू.

“हे कवा काढलं?”

“तुमी गेले त्याच दिवशी,” वहिनी म्हणाल्या.

भाऊ चौकोनाजवळ गेले. मग “मिशा प्रमानात नाही,” एवढं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

दिवाळीत सगळ्या घराला चुना लागला, फक्त तेवढा चौकोन सोडून. त्याभोवती आता पिवळ्या खडूची चौकट आहे. पुसट झाली की भाऊ ती पुन्हा गिरवतात.