गाडीची एकादशी

आईशप्पथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. बरं, नव्वद धरा. निरंजन ढमढेरेच्या गाडीचा एकादशीचा उपवास होता, आणि ते माहीत नसल्यामुळे त्याने सकाळी नऊ वाजता तिच्यात पेट्रोल भरलं. पंपावरून बाहेर पडता पडताच समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

निरंजन वाईला मुलगी बघायला निघाला होता. ही सातवी. आधीच्या सहा जणींनी नकार दिला होता आणि सहाही कारणं त्याला पटली होती. या वेळी मात्र रेवती भिलारे स्वतःच फोनवर म्हणाली होती, "बारापर्यंत या, वाट बघते." त्याची वाट बघणारं माणूस यापूर्वी म्हणजे डेंटिस्टच. म्हणून त्याला आज बारा चुकवायचे नव्हते.

शिरवळजवळ कुंडलिक मिस्त्रींचं गॅरेज लागलं. त्यांनी आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवून पाहिलं.

"झाकण सैल राहिलं की लागतो दिवा. पण हे घट्ट आहे."

मग त्यांनी स्कॅनर जोडला, पडद्यावरचं वाचलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघून आले.

"आज एकादशी. गाडी आधी कोणाची?"

"पुण्यातल्या मुजुमदार काकूंची."

"झालं तर मग. त्यांनी लावलेली सवय आहे. टाकीत आदल्या दिवशीचं असेल त्यावर गाडी दिवसभर पळते. नवीन घेत नाही. तुम्ही विचारलंत का तिला?"

"गाडीला?"

"मग काय मला?"

निरंजनने पेट्रोल काढून घ्यायची तयारी दाखवली. मिस्त्रींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"जेवलेल्या माणसाला उलटी झाली तर उपवास घडला म्हणता का तुम्ही?"

"तशीच दामटली तर?"

"खंबाटकीचा घाट चढणार नाही. एकच उपाय आहे, मालकाने आजचा उपवास अंगावर घ्यायचा. सकाळपासून काय खाल्लंय?"

"दोन वडापाव."

"खरं सांगा."

"चार."

"ते उपवास घेण्याआधीचे. सोडून देऊ. बॉनेटवर हात ठेवा आणि बोला."

निरंजनने हात ठेवला. "आजची एकादशी माझी," असं म्हणताना त्याला शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं वाटलं. दिवा विझला. मिस्त्रींनी वहीत नोंद करून त्याची सही घेतली.

बाराला पाच कमी असताना तो भिलाऱ्यांच्या सोफ्यावर होता, आणि समोर पोहे. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड.

"घ्या ना," रेवतीचे वडील म्हणाले. ते निवृत्त हेडमास्तर होते.

"एकादशी आहे."

"तुमच्या आई तर म्हणाल्या, मुलगा दगडसुद्धा पचवतो."

"माझी नाही. गाडीची आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "पेट्रोल का डिझेल?"

"पेट्रोल."

"मग बरोबर. डिझेलवाल्या शनिवार करतात. आमच्या फ्रीजचा गुरुवार असतो, त्या दिवशी आम्ही त्यात काही ठेवत नाही."

रेवतीची आई साबुदाणा भिजवायला आत गेली. तो भिजायला काही तास लागतात, हे निरंजनला आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं. पोह्यांचा वास येत होता. शेंगदाणा तर उपवासाला चालतो, असा विचार करून त्याने हळूच एक उचलून तोंडात टाकला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"पोह्यातला चालत नाही," सर म्हणाले. "थुंका."

त्याने तो थुंकून टाकला. कुठे, ते सांगत नाही. त्याच्या हिशोबाने सातवा नकार इथेच आला होता.

समोर बसलेली रेवती बोटांवर मोजत होती. ती म्हणाली, "महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला चोवीस. लग्नानंतर कोण करणार?"

"गाडीच करेल. फक्त आदल्या दिवशी, दशमीला, टाकी भरून ठेवायची."

"तुमच्या लक्षात राहील?"

राहील म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण खिडकीतून गाडी दिसत होती.

"नाही राहणार," तो म्हणाला.

रेवतीने पोह्यांची बशी त्याच्यासमोरून उचलून स्वतःकडे घेतली, लिंबू पिळलं आणि खायला सुरुवात केली.

"मग दशमीला मी भरत जाईन," ती म्हणाली.

सरांनी कॅलेंडर मागवलं. पुढच्या महिन्यातली द्वादशी ठरली, म्हणजे वऱ्हाडासोबत गाडीलाही पोटभर घेता येईल.

तर असं आहे. तुम्हाला पत्रिका येणार नाही, कारण छापायचं निरंजनच्या लक्षात राहिलेलं नाही. पण गोष्ट शेवटपर्यंत ऐकलीत, म्हणजे तुम्ही मुलाकडचे झालात. आहेर आत्ताच द्या. माझ्याकडे दिलात तरी त्याला पोचतो, आम्ही एकाच घरात राहतो, एकाच खोलीत, एकच चप्पल घालतो. पाकीट नसलं तरी चालेल, सुटे द्या.