मरोळचा सांगाडा, मुलुंडचं इंजिन

नंदकिशोर वैद्य पांढऱ्या पँटीनिशी गाडीखाली शिरले तेव्हा काशीराम घाडीगावकरला फार बरं वाटलं. सतरा वर्षांत त्या गाडीखाली मांजराखेरीज कोणी गेलं नव्हतं. वांद्र्याचे वैद्य जुन्या गाड्यांतले जाणकार; गाडी मुळातली कोण, कुठची, हे ते तपासून लेखी देत. काशीरामला तेवढंच हवं होतं. त्याचे वडील धोंडू मिस्त्री जन्मभर सांगत आले, की गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना दिलेली ही गाडी कारखान्यातूनच शर्यतीची म्हणून निघाली. मरोळच्या गॅरेजवाल्यांचं मत असं, की कुणीतरी साध्या गाडीचं छप्पर कापलंय आणि धोंडू फेकतोय. धोंडू गेला, पण ते हसणं काही गेलं नाही.

गाडीखालून आवाज आला, "सांगाड्याचा नंबर बरोबर आहे. पण याच सांगाड्यावर साध्या गाड्याही निघाल्या. इंजिनाचा नंबर जुळला तरच ही शर्यतीची. इंजिन कुठंय?"

"मुलुंडला."

"दुरुस्तीला दिलंय?"

"नाय. वाटणीत गेलं."

वैद्य बाहेर आले आणि तसेच जमिनीवर बसून राहिले. मग काशीरामच्या बायकोने, वनमालाने, खुलासा केला. "मामंजी गेल्यावर दोघा भावांनी सगळं निम्मं केलं. पाटा आम्हाला, वरवंटा लवू भाऊजींना. तसंच हे."

"मग वाटण कशावर वाटता?"

"दोघांनी मिक्सर घेतला ना."

मिक्सरने पाटा-वरवंट्याचं भांडण सुटलं, गाडीचं सुटलं नाही. अर्धी गाडी म्हणजे गाडी नव्हे, हे ध्यानात येताच दोघांनी एकमेकांवर दावे लावले, उरलेल्या अर्ध्यासाठी. तेव्हा सदुसष्ट साल होतं. आता चौऱ्याऐंशी उजाडलं, तरी दोघे एकमेकांशी वकिलांमार्फतच बोलत.

"चला, मुलुंडला जाऊ," वैद्य म्हणाले.

"तुम्ही जा. मी त्याच्या उंबऱ्याला पाय लावणार नाय."

"उंबऱ्याला नका लावू," वनमाला म्हणाली, "यांच्या स्कूटरवर तर बसा. साहेबांना घर कोण दाखवणार?"

लवूच्या बाहेरच्या खोलीत इंजिन मानाच्या जागी, कोपऱ्यात भिंतीला चिकटून होतं. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर रेडिओ.

"ही गाडी," लवू अभिमानाने म्हणाला. "मरोळला आहे तो नुसता पत्रा."

काशीराम दाराबाहेर उभा होता. "साहेब, त्याला सांगा, पत्र्याला चाकं आहेत."

"साहेब, त्यांना सांगा, चाकं हातगाडीलापण असतात."

वैद्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. लवूच्या बायकोने, चंपाने, थोरल्या दिरांचा चहा उंबऱ्यापलीकडे नेऊन दिला. इकडे नंबर भिंतीच्या बाजूला निघाला. भिंत आणि इंजिन यांच्यामधून पोस्टकार्डही गेलं नसतं. वैद्यांनी अस्तन्या वर करून इंजिनाला हात घातला, तसा लवू आडवा आला.

"हात नाय लावायचा. कोर्टाचा हुकूम आहे, जैसे थे. इंचभर हललं तर माझी वाट लागेल."

"अहो, मला फक्त नंबर वाचायचाय."

"मग तसं बोला ना. पंचनाम्यात आहे की. इथे ठेवायच्या आधी कोर्टाच्या माणसाने सगळं उतरवून घेतलंय."

लवूने पलंगाखालची ट्रंक ओढली. दोन्ही बाजूंचे कागद, तारीखवार, नाडीने बांधलेले. वैद्य वाचू लागले आणि त्यांचा चहा निवत गेला. नटबोल्टांची यादीसुद्धा होती.

"हे साहेबाने गाडी दिल्याचं पत्र कुणी जोडलं?"

"त्यांनी. माझ्याविरुद्ध."

"आणि शर्यतीच्या दिवशीचा हा फोटो? धोंडू मिस्त्री पाना घेऊन उभे?"

"मी. त्यांच्याविरुद्ध."

वैद्यांनी खिशातून स्वतःची यादी काढली, कारखान्याच्या वहीवरून उतरवलेली. एकेका आकड्यावर बोट ठेवत दोनदा ताडून पाहिलं. चंपाने रेडिओ बंद केला.

"जुळतो," ते म्हणाले. "चौतीस साली कारखान्यातून शर्यतीचीच म्हणून निघाली. तुमचे वडील खरं सांगत होते. उद्या लिहून देतो."

मग लवू दाराकडे तोंड करून म्हणाला, "बापूस खोटां बोलूक नाय, दादा."

"माका ठावक होतां," काशीराम म्हणाला, आणि रिकामा कप ठेवायच्या निमित्ताने आत आला.

चंपाने पुन्हा चहा टाकला. तो उकळेपर्यंत दावा मिटवायचं ठरलं, इंजिन बसवायचं ठरलं, आणि रंग लाल की हिरवा एवढंच राहिलं. तेवढ्यात वैद्य ताडकन उठले.

"अजिबात मिटवू नका."

दोघे भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच एका बाजूने.

"अहो, लोक अशा गाड्या चकचकीत करतात, भाग बदलतात, कागद हरवतात. मग खरं काय ते देवाला ठाऊक. तुमच्या गाडीचा सतरा वर्षांत एक नट हलला नाही, कारण कोर्टाने हलवू दिला नाही. असा पुरावा मी आजवर पाहिला नाही. आज मिटवलंत की उद्या तुम्ही रंगाचा डबा आणणार."

काशीरामने मान खाली घातली. लाल त्याने मनात केव्हाच ठरवला होता.

पुढच्या तारखेला जज्जसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "सतरा वर्षं झाली. तडजोडीला काही वाव?"

"नाय साहेब," दोघे एका सुरात म्हणाले.

जज्जसाहेबांनी उसासा टाकून एप्रिलची तारीख दिली. काशीरामचे वकील खुशीत बाहेर आले, तर व्हरांड्यातल्या बाकावर त्यांचा अशील आणि प्रतिवादी खांद्याला खांदा लावून वनमालाने दिलेल्या डब्यातली घावणं खात होते.

"अहो काशीराम, लांब बसा. केस कमजोर होते."

"बरोबर आहे," काशीराम म्हणाला, आणि वीतभर सरकला. त्या मोकळ्या जागेत लवूने डबा ठेवला.