तलावात आजवर कुणी बुडालेलं नाही

विद्यापीठाच्या प्रवेशपावतीत सोळाव्या ओळीवर ‘जलतरण तलाव शुल्क’ असतं. हे शुल्क गेली एकतीस वर्षं नियमितपणे घेतलं जातं आणि तितक्याच नियमितपणे ग्रंथालयामागच्या मैदानावर तलाव नसतो. याबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. तक्रार आली ती लेखापरीक्षकांची : सुविधा आहे, शुल्क आहे, मग वापर का दिसत नाही?

समितीने तीन बैठका आणि एक अभ्यासदौरा करून आक्षेप निकाली काढला. यापुढे तलाव एकदा तरी वापरल्याचा दाखला आणल्याशिवाय पदवी प्रमाणपत्र मिळणार नाही, असं परिपत्रक निघालं.

ते परिपत्रक एका मुलीला शुक्रवारी सकाळी शुल्क विभागाच्या खिडकीवर कळलं. तिला नोकरी लागली होती. सोमवारी मूळ प्रमाणपत्रासह रुजू व्हायचं होतं, नाहीतर प्रतीक्षायादीतला पुढचा उमेदवार इस्त्रीचे कपडे घालून बसलेलाच होता.

“पण बाई, तलावच नाहीये,” ती म्हणाली.

“सोळावी ओळ भरली आहेस ना?” खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मग तलाव आहे. नसता तर आम्ही पैसे घेतले असते का? आणि टॉवेल ने बरं. टॉवेलाशिवाय आत सोडत नाहीत.”

मैदानावर चुन्याच्या रेघा आखल्या होत्या. एका टोकाला ‘उथळ’ अशी पाटी, दुसऱ्या टोकाला ‘खोल – आठ फूट’. मधोमध उंच खुर्चीवर, गळ्यात शिट्टी अडकवून, विद्यापीठाचे जीवरक्षक बसले होते. सगळे त्यांना शिट्टीमामा म्हणत.

“एकतीस वर्षांत इथे एकही जण बुडालेला नाही,” त्यांनी अभिमानाने सांगितलं. “चपला काढ. पाणी घाण होतं.”

मुलीने चपला काढल्या आणि उथळ भागातून सरळ चालत निघाली. खोल पाण्याची रेघ ओलांडली मात्र, कर्कश शिट्टी वाजली. शिट्टीमामांनी खुर्चीवरून उडी घेतली, तिला दंडाला धरून काठावर आणलं आणि धापा टाकत नोंदवहीत लिहिलं : ‘बुडाली. वाचवली.’

“अहो मामा, मी चालत होते!”

“आठ फूट पाण्यात? तेच म्हणतोय मी!” त्यांचा आवाज कापत होता. “एकतीस वर्षांच्या लौकिकाला बट्टा लावलास, पोरी.”

खिडकीतल्या बाईंनी नोंद वाचून मान हलवली. “बुडालेल्यांना पदवी द्यायची तरतूद नाही.”

“बाई, मी तुमच्यासमोर जिवंत उभी आहे!”

“ते वाचवलं म्हणून. त्याचं शुल्क वेगळं. ते भर आणि उद्या नीट पोहून ये. शनिवार आहे, पाणी बारापर्यंतच असतं.”

मुलीचे बाबाही त्याच विद्यापीठाचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“आमच्या वेळी तर रेघाही नव्हत्या,” ते म्हणाले. “नुसता नकाशा होता, तोही कुलपात. तुमची चैन आहे.”

“मग तुम्ही कुणी विचारलं नाही?”

“विचारायचं काय त्यात? सगळेच भरत होते.”

मग त्यांनी बैठकीतलं टेबल भिंतीशी सरकवलं आणि हात कसे मारायचे ते दाखवू लागले. “अहो, आधी पाणी कुठे आहे ते तरी विचारा कुणीतरी,” आई म्हणाली.

“तू मध्ये बोलू नकोस. तिचा श्वास चुकतो.”

शनिवारी मैदानाबाहेर टॉवेल घेतलेल्यांची रांग लागली होती. एकाने पोहण्याची टोपीही आणली होती. मुलगी वाकली, हात मारत निघाली, खोल भागात तिने श्वास रोखला आणि पलीकडच्या काठाला हात लावला. मग तिने टॉवेलने केस पुसले. हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. शिट्टीमामांचे डोळे भरून आले. बाराला दहा कमी असताना प्रमाणपत्र तिच्या हातात पडलं.

सोमवारी ती वेळेवर रुजू झाली. कार्यालय बैठं होतं, वर थेट पत्रे. आस्थापना विभागातल्या कारकुनाने पगाराचा तक्ता पुढे केला. त्यात एक ओळ होती : ‘लिफ्ट देखभाल कपात’.

मुलीने वर पत्र्यांकडे पाहिलं. कारकुनाने मुलीकडे पाहिलं.

“लिफ्ट दुपारच्या सुट्टीत बंद असते का?” तिने पेन उघडत विचारलं.

“दीड ते दोन,” कारकून खूश होऊन म्हणाला. “छान. टिकाल तुम्ही इथे.”

तिने सही केली.

तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या. हसून झालं की कपाटातल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तुमची स्वतःची शेवटची पावती काढा आणि सोळावी ओळ वाचा. घाई नाही. जाताना टॉवेल मात्र न्या.