थोडं वाढवून धरलेलं

"डबा उकळतोय!" साहेबांनी अहवाल टेबलावर आपटला. "आतलं पाणी उकळणार, गॅस साठणार, झाकण उडणार! हे काय लिहिलंय, गॅसबाई?"

गॅसबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. वर्षभरातली पहिली रजा आज सुरू व्हायची होती. पाचची बस, बहिणीचं गाव. नवरा आणि सासूबाई परस्पर स्टँडवर येणार होते.

अणुभट्टीतून काढलेलं इंधन त्यांच्याकडे पाण्याच्या खोल टाकीत निवत पडलेलं असे. ते पाणी गाळणारा डबा गाळाने भरला की बदलायचा. पण बंद केल्यावर तो किती तापेल, आत हायड्रोजन किती साठेल, याचा हिशेब आधी द्यायचा. तो देणाऱ्या म्हणून त्या गॅसबाई. त्यावर साहेबांची सही झाल्याशिवाय डबा हलत नसे, आणि डब्याशिवाय गॅसबाई.

"साहेब, मी कोमट लिहिलं होतं."

"मग उकळलं कुठे?"

ते शोधायला त्या शेजारच्या टेबलाशी गेल्या. उष्णतेवाले काका चष्मा पुसत होते.

"मी काही नाही केलं हो. खोलीतला पंखा बंद पडलाय, एवढंच धरलं. भर उन्हाळ्यात."

"काका, बाहेर थंडी पडलीय."

"पडू दे. उन्हाळा काय यायचा राहणारे?"

तपासणीवाल्या ताईंनी मानही वर केली नाही. "मी गाळ दुप्पट धरला. उद्या काही झालं तर मलाच धरतील."

"अहो, तो आधीच दुप्पट धरलेला होता!"

"कोणी?"

गॅसबाईंनी आपलाच कागद उलटून पाहिला. त्यांनीच. गॅस बाहेर सोडणारी नळी बुजलीय, हेही त्यांनीच धरलं होतं. प्रत्येकाने येता-जाता चिमूटभर मीठ टाकलं होतं, आणि आता खारटपणाबद्दल सगळेच चकित होते.

कोणाची चिमूट ठेवायची, कोणाची काढायची, यावर तिघांचं रीतसर भांडण झालं. नवा हिशेब आला. डबा कोमट. साहेबांच्या आठ्या आणखी वाढल्या.

"इतकं कमी? वर कोणाला खरं वाटेल? जरा वाढवा."

"किती?"

"शोभेल इतकं."

शोभेल इतकं वाढवून, सही घेऊन गॅसबाई स्टँडवर धापा टाकत पोचल्या, तेव्हा पाच केव्हाच वाजून गेले होते. नवरा बॅगांवर निवांत बसला होता.

"गेली ना बस?" त्यांचा आवाज रडवेला झाला.

"कशाला जाते? सहाची आहे. तुझं ऑफिस माहितीय, म्हणून पाच सांगितलं."

"सहाची?" सासूबाई कडाडल्या. "अरे, मला तीनची म्हणालास! तेव्हापासून बसलेय मी इथे!"

"आई, तुला आवरायला वेळ लागतो."

तिकीट खिडकीतल्या माणसाने जांभई दिली. "तिकिटावर सहा लिहितो आम्ही. लोक उशिरा येतात ना. बस सातची."

नवऱ्याने बॅगेची चेन उगाच उघडली आणि लावली. गॅसबाईंना रागवायचं होतं, पण त्यासाठी उभं राहावं लागलं असतं. त्या सासूबाईंच्या शेजारी टेकल्या, चपला काढल्या आणि डोळे मिटले.

"झोप जरा," सासूबाई त्यांच्या अंगावर आपली शाल टाकत म्हणाल्या. "बस आली की उठवते."

मग त्यांनी स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"थोडं आधीच उठवते."