चार बांबूचं काम

११ मे. दुसऱ्या दिवशीच्या प्रवासासाठी औषधांची पेटी भरत बसले होते. उलटीच्या गोळ्या, जखमेच्या पट्ट्या, सासूबाईंच्या गुडघ्यांचं मलम. खिडकीबाहेर भाड्याची बस येऊन उभी होती आणि तिच्या मागच्या बाजूला सत्तारभाई हातातली फीत ताणून मापं घेत होते. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय भाऊ, गाडीले मांडव घालता काय?"

"पाहून ठेवतो," ते म्हणाले. "कधी काय लागन, सांगता येते काय."

सत्तारभाईंचं बिछायत केंद्र आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या, पंगतीची भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला आमच्या अमरावतीकडे बिछायत केंद्र म्हणतात. त्या सगळ्या सामानात सत्तारभाईंचा जीव कशात असेल तर कनातीत, म्हणजे मांडवाच्या कापडी भिंतीत. जगातली कुठलीही अडचण त्यांना सांगा. ते दाढी खाजवतात, जागेकडे एक डोळा बारीक करून पाहतात आणि म्हणतात, "चार बांबूचं काम हाय."

एकदा नळावर पाण्यावरून दोन शेजारणी भांडल्या. भांडण तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सकाळी पाहतो तर दोघींच्या ओट्यांमध्ये लाल-पिवळी कनात उभी. सत्तारभाई म्हणाले, "आता भांडा. तोंड दिसलं नाही की चव जाते." चव खरोखरच गेली. संध्याकाळी एकीने कनातीखालून दुसरीची विसरलेली बादली सरकवली.

मी दवाखान्यात नर्स आहे. सगळी गल्ली मला सिस्टरबाई म्हणते. सत्तारभाई हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आमच्याच वॉर्डात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सलाईनचे दोन स्टँड आणि एक खिडकीची कडी हाताशी धरून खाटेभोवती चादरी बांधल्या. डॉक्टर राउंडला आले, त्यांना खाट दिसलीच नाही, पुढे निघून गेले. मी रागावले. सत्तारभाई शांतपणे म्हणाले, "सिस्टरबाई, तिकडच्या खाटेवरच्याले भेटाले वीस माणसं येतात. मी कण्हलो तर वीस माणसं माह्याकडं पायतात. कण्हाले काही जागा पाह्यजे का नाही?"

त्यांच्या प्रत्येक मांडवात एक कोपरा असतो. बिलात त्याची नोंद नसते. आचाऱ्याच्या चुलीपलीकडे तीन बाजूंनी कनात, आत एक खुर्ची आणि पाण्याचा माठ. हा नवरीच्या बापासाठी. "लोकायसमोर रडता येते काय माणसाले?" ते म्हणतात. "नाही रडला तर अटॅक येते." माझ्या नणंदेच्या लग्नात माझे सासरे त्या कोपऱ्यात अर्धा तास बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी सत्तारभाईंचा हात धरला, तेव्हापासून ते आमच्या घरचेच झाले. सासरे गेले तरी घरचं कुठलंही काम, कुठलीही सहल सत्तारभाईंशिवाय होत नाही.

त्या वर्षीची सहल कोकणात, समुद्र पाहायला. आमच्या घरची बावीस माणसं. सत्तारभाई भांडी आणि गाद्या घेऊन सोबत येणार होते. मे महिन्यात बिछायतवाल्याला चार दिवस मोकळे मिळावेत ही काही चांगली गोष्ट नव्हे. पण ती वर्षंच तशी होती. कापूस हात देईना, सोयाबीन देईना, तशी गावोगावची लग्नं आखडत गेली. "हिवरखेडले पह्यले एका लग्नाले चाळीस कनाती नेल्या," ते सांगायचे. "आता एका मांडवात अकरा जोड्या उरकतात. मोर्शीकडचे तर संत्र्याच्या झाडाखालीच पंगत बसवून राहिले. झाडाले काय भाडं हाय?"

आता अनूबद्दल सांगायला हवं. अनू माझं एकुलतं लेकरू, तेव्हा पंधरा वर्षांचं. मुलगी म्हणून जन्मलं, अनुराधा म्हणून पाळण्यात घातलं. आठवीत असताना एक दिवस "मी जाते" ऐवजी "मी जातो" म्हणालं. मी व्याकरण सुधारलं. त्याने पुन्हा "जातो" म्हटलं. वर्षभर आमचं हे व्याकरण चाललं, मग मी सोडून दिलं. केस कापले, शर्ट-पँट आली, मी हो म्हटलं. घरात तो अनूच राहिला, नाव दोन्हीकडे चालणारं होतं. नातेवाइकांत "वय वाढलं की होईल ठीक" एवढ्यावर विषय संपवला. मला वाटायचं, मी फार समजूतदार आई आहे.

त्या वर्षात अनूला तीनदा लघवीचा संसर्ग झाला. तिन्ही वेळा मी गोळ्या दिल्या आणि "पाणी पी, पाणी पी" म्हणून मागे लागले. तो पाणी का पीत नाही, हे विचारावंसं मला, वीस वर्षं नर्स असलेल्या बाईला, एकदाही वाटलं नाही.

बस पहाटे निघाली. अकोल्याच्या पुढे पहिला थांबा. आमच्याकडे सहलीच्या बसचा रिवाज असा की ड्रायव्हर गाडी मोकळ्या रानाशी लावतो आणि ओरडतो, "बाया डाव्या हाताले, माणसं उजव्या हाताले." बसच आडोसा होते. आम्ही बाया डावीकडे उतरलो. अनू दारात उभा. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "चल, पटकन उरकू." तर आमच्या एक मावससासूबाई, ज्यांनी त्याला चार वर्षांत पाहिलं नव्हतं, ओरडल्या, "ए पोट्ट्या, इकडं काहून येऊन राहिला? बायाची जागा हाय. तिकडं जाय." सगळ्या वळून पाहू लागल्या. जाऊबाई हसत म्हणाल्या, "मावशी, पोट्टा नाही तो, आपली अनुराधा हाय." अनूने हात सोडवून घेतला आणि बसमध्ये जाऊन बसला. उजवीकडे त्याचे काका आणि चुलतभाऊ रांगेने उभे. तिकडे तो काय करणार होता?

दुसऱ्या थांब्याला तो उतरलाच नाही. तिसऱ्या थांब्याला ढाबा होता, तिथे दोन दारं, एकावर बाईचं चित्र, एकावर मिशीवाल्याचं. अनू चित्रांकडे पाहून परत आला. पाण्याची बाटली सकाळी भरली होती तेवढीच भरलेली. उन्हाची झळ खिडकीतून आत येत होती. मी मनात तास मोजले. नऊ झाले होते.

"अनू," मी दबक्या आवाजात म्हटलं, "पुन्हा ताप भरेल. समुद्र राहील बाजूला, दवाखाना पाहशील. हट्ट सोड."

तो खिडकीकडेच पाहत म्हणाला, "आई, मी कुठं जाऊ ते सांग. मी जातो."

माझ्या पेटीत सगळ्याचं औषध होतं. याचं नव्हतं.

मागच्या सीटवर सत्तारभाई तोंडावर रुमाल टाकून झोपले होते. रुमाल काढून ते एकदम उभे राहिले. "ड्रायव्हरसाहेब, गाडी रोका. मले शुगर हाय."

बस थांबली. आमचे हे म्हणाले, "भाऊ, तुम्हाले शुगर कधीपासून?"

"आज सकाळपासून वाटून राहिली."

ते खाली उतरले, टपावरून चार बांबू काढले आणि बसच्या मागच्या बाजूला कनात बांधली. आत प्लास्टिकची एक खुर्ची, तिच्या बैठकीला गोल भोक कापलेलं. खाली खड्डा, बाजूला पाण्याची बादली. सारं दहा मिनिटांत. बसच्या रुंदीला कनात बोटभरही कमी-जास्त नव्हती.

"मले टाइम लागते," त्यांनी जाहीर केलं. "माह्या आंधी ज्याले जायचं त्यानं जाऊन घ्या. ही जागा बायाची नाही, माणसाची नाही. ज्याले जमिनीवर बसवत नाही त्याची. भाभीजी, तुमचे गुडघे?"

सासूबाईंचे गुडघे गेली सहा वर्षं वाकत नव्हते. प्रवासात त्याही पाणी पीत नसत, हे मला त्या क्षणी कळलं. त्या आत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "सत्तार, तुह्या मांडवात एवढं सुख मले आजवर भेटलं नव्हतं." लगेच मावससासूबाई उठल्या. मग पोट सुटलेले एक काका. रांग लागली. सत्तारभाई नंबर पुकारत होते, जणू पंगत वाढताहेत. "मावशी झाल्या. काका झाले. अनू, तुहा नंबर. चाल, लवकर, माह्याच्यानं धरवत नाही."

अनू रांगेतून गेला. मावशींच्या आणि काकांच्या मागे, सगळ्यांसारखा. परत आला आणि सीटवर बसून त्याने बाटली तोंडाला लावली. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हापासून दर दोन तासांनी सत्तारभाईंना शुगर व्हायची. जाऊबाईंनी त्याची थट्टा करून टाकली. "ड्रायव्हरभाऊ, सत्तारभाईंची शुगर आली, स्टेशन घ्या." पोरंटोरं टाळ्या वाजवायची. सत्तारभाई हात जोडून सगळ्यांची माफी मागत उतरायचे, कनात बांधायचे, आणि रांगेत शेवटी स्वतः आत जाऊन खोकायचे.

मी मात्र शुगर मनावर घेतली. साखर तपासायचं यंत्र होतं, त्याच्या पट्ट्या घरी राहिल्या होत्या. म्हणून लक्षणांवर चालले. इतक्या वेळा लघवी म्हणजे साखर चांगलीच वर असणार. त्यांचा चहा बिनसाखरेचा केला. गाडीत सगळ्यांना मावा जिलेबी वाटली तेव्हा त्यांच्या द्रोणात काकडी ठेवली. आंबे बंद केले. कोकणात रोज सकाळी कारल्याचा रस पाजला. सत्तारभाई डोळे मिटून घ्यायचे, प्यायचे आणि म्हणायचे, "सिस्टरबाई, तुमच्या हाताले चव हाय." त्या रसाला चव असणं शक्य नव्हतं.

समुद्रावर दीड तासाची बोट होती. पाण्यात बांबू कुठे रोवणार, म्हणून चढल्यावर सत्तारभाई जरा गडबडलेले दिसले. इकडे तिकडे हिंडून आले, मग मला बोलावलं. बोटीच्या मागच्या टोकाला एक अरुंद दार, त्यावर ना बाई ना मिशी. आत एक संडास, दाराला आतून एक कडी. ज्याला जायचं त्याने जावं. सत्तारभाई त्या दारासमोर बराच वेळ उभे राहिले. लोक समुद्र पाहत होते, सत्तारभाई दार.

"याले म्हणतात इंतजाम," ते म्हणाले. "एक दार, एक कडी. बोटवाल्याले समजलं, आन् आपल्या शाळावाल्यायले समजत नाही."

"शाळेचं काय?" मी विचारलं.

ते दाढी खाजवू लागले. "काही नाही. गॅदरिंगचा मांडव टाकाले गेलो होतो. मधल्या सुट्टीत सारे पोट्टे-पोट्ट्या पळतात. एक पोट्टं जिन्याखाली बसून राह्यते. मी तीन दिवस पाहिलं."

अनूने बोटीवर दोन शहाळी प्यायली. वाऱ्याने त्याचा शर्ट फुगला होता आणि तो चुलतभावांशी मासे दिसतात की नाही यावरून वाद घालत होता. वादात तो हरला, तरी हसत होता.

आम्ही चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. अनूला ताप नव्हता, जळजळ नव्हती. माझ्या डोक्यात आता सत्तारभाईंचं दुखणं होतं. या वयात अंगावर काढणं बरं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी, त्यांनी चहा घ्यायच्या आत, यंत्र आणि पट्ट्या घेऊन त्यांच्याकडे गेले. इतक्या वर्षांत दुकानात शंभरदा गेले असेन, मागच्या घरात कधी नाही. बायको वारल्यापासून ते एकटेच राहतात. घर म्हणजे एकच लांब खोली, पण कनाती लावून तिचे चार भाग केलेले. एकात त्यांची खाट. एकात चूल. तिसऱ्यात दोन गाद्या, धुतलेल्या चादरी, उशा. चौथ्यात लहान पोरांची दोन छोटी अंथरुणं आणि दोरीवर टांगलेला पाळणा.

"हे कशाला?" मी विचारलं. त्यांची मुलं पुण्याला आणि सुरतेला असतात.

"आले तं त्यायले वाटाले नाही पाह्यजे, की आपल्याले जागा नाही," ते म्हणाले. चादरींच्या घड्यांवरची धूळ त्यांनी माझ्यासमोरच हाताने झटकली.

मी त्यांचं बोट पुढे करायला सांगितलं. ते म्हणाले, कशाला, आता बरं वाटते. म्हणाले, सुईची भीती वाटते. हर्नियाच्या वेळी मी त्यांना चौदा इंजेक्शनं दिली होती. मी बोट धरलं आणि टोचलं. यंत्रावर आकडा आला. ब्याण्णव. उपाशीपोटी इतकी सरळ साखर माझीसुद्धा येत नाही.

मी वर पाहिलं. सत्तारभाई छताकडे बघत होते, जणू तिथे कुठे बांबू बसेल याचा अंदाज घेताहेत.

"किती आली?" त्यांनी विचारलं.

मी यंत्र बंद करून पर्समध्ये टाकलं. "वाढलेली आहे," मी म्हणाले. "प्रवासात दर दोन तासांनी थांबावं लागेल. नेहमीच."

त्यांनी मान डोलावली आणि बोटाला लावलेला कापूस उगाच दाबत राहिले. मी उठून चुलीवर दोन कप चहा ठेवला. साखरेचा डबा चुलीजवळ नव्हता. तो पाहुण्यांच्या गाद्यांपाशी, शिगोशीग भरलेला, झाकण घट्ट लावून ठेवलेला होता. मी तो उघडला आणि त्यांच्या कपात चार चमचे साखर घातली.