पडेल तितके नारळ

ॲरोनचं विमान देव आठ दिवसांत पाडणार, हे यतीनने स्वतःला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं. ते पहिल्याच संध्याकाळी पडलं. आणि परत उडालं. यतीनची दशा सुरू झाली ती तिथून.

ॲरोन म्हणजे शेजारच्या पेद्रूचा मुलगा. बोटीवर नोकरीला. यंदा सुट्टीवर येताना त्याने रिमोटवर उडणारं विमान आणलं. जाड फोमचं, हवेतल्या कसरती शिकणाऱ्यांसाठीच केलेलं. शिकणारा आपटणारच, हे बनवणाऱ्याने आधीच मान्य करून टाकलेलं. रोज संध्याकाळी देवबागच्या किनाऱ्यावर ते कोलांट्या घ्यायचं, उलटं उडायचं आणि वाळूत नाक खुपसायचं. ॲरोन नाक दाबून सरळ करायचा, की पुन्हा वर.

याचंही यतीनला काही नव्हतं. पण त्याचे वडील लवू होडी वर ओढली की जाळं तसंच टाकून बघत बसू लागले. लवूंनी उभ्या जन्मात यतीनचं कौतुक केलं नव्हतं. तो बारावी पास झाला तेव्हा ते म्हणाले होते, "पेपर सोपे आसतले." तेच लवू आता शेजारच्या मुलाबद्दल जेवताना बांगड्याचा काटा हातात धरून म्हणत, "उलटा उडता रे. असो झील होयो."

"माका रिमोट दी, मी पण उडयतंय."

"तू? तुका सायकलीचो ष्टँड लावक येणा नाय."

यतीन बांगडा अर्धाच टाकून उठला. सकाळी तो देवळात बाबू गावकरांकडे गेला. लोकांची गाऱ्हाणी देवाच्या कानावर घालण्याचा मान त्यांचा.

"एक वस्तू पडाक होयी," यतीन म्हणाला.

"कोणाची?"

"नाव कित्याक होया?"

"देवान भलत्याचाच पाडल्यान तर? तुझ्या घरार पण कौलां आसत."

यतीनने कानात सांगितलं. गावकरांचा चेहरा हलला नाही. देवाने याहून वाईट मागण्या ऐकल्या होत्या.

"पडला तर काय देतलंस?"

"नारळ."

"एकदा पडला तर एक. परत पडला तर?"

यतीन हसला. देवाने पाडलेली वस्तू पुन्हा पडायला वर कशी जाईल? "जितक्यांदा पडात तितके."

"व्हय म्हाराजा," असं देवाला सांगून गावकरांनी ते पक्कं करून टाकलं.

'मोडू दे' असं मागायला हवं होतं. पण पडणं आणि मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माडावर चढणाऱ्यांच्या गावात कोणाच्या डोक्यात येणार?

त्याच संध्याकाळी ॲरोनने विमान शेपटीवर उभं करून हवेत लटकवायचं शिकायला घेतलं. त्यात ते पडण्यासाठीच वर जातंय असं वाटू लागलं. गावकर यतीनच्या शेजारी येऊन बसले. विमान वाळूत आपटलं की हलकेच म्हणायचे, "म्हाराजा." बाकी काही नाही.

आठवडाभरात घरच्या माडावरचे नारळ देवळात गेले आणि यतीनच्या घरची आमटी पाण्यासारखी झाली. "माडार चोर चढतत," त्याची आई यमुनाबाई सांगत सुटली. लवू काठी घेऊन माडाखाली बसू लागले. यतीनला स्वतःच्या माडावर चढायची चोरी झाली, म्हणजे आता नारळ विकत.

"वाळूक लागला तरच पडला, न्हय?" त्याने गावकरांना विचारलं.

"व्हय. हातात इला तर कसला पडला?"

तेव्हापासून यतीन विमानाखाली धावू लागला. विमान समुद्रावर गेलं की हा कमरेइतक्या पाण्यात. विमान होडीवर आलं की हा होडीत. एकदा कोळंबीच्या टोपलीत पडून त्याने ते छातीवर झेललं. ॲरोनकडे बघायचं सोडून लोक यतीनकडे बघू लागले.

"ॲरोन काय, नुसती बटनां दाबता," लवू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "झेलणारो बघा. माझो झील तो."

यतीन जागच्या जागी थांबला. डोळे भरून आले. तेवढ्यात विमान त्याच्या पायाशी पडलं.

"म्हाराजा," गावकर म्हणाले.

सुट्टी संपली तशी ॲरोन विमान घेऊन यतीनच्या अंगणात आला. "तुझो जीव जडलो आसा ह्याच्यार. ठेव तुकाच."

"माका नाका," यतीन कळवळून म्हणाला.

"लाजता तो," म्हणत लवूंनी विमान काढून घेतलं आणि तडक वाडीत निरोप पाठवला: उद्या संध्याकाळी आमचो यतीन उडयतलो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सगळी वाडी. लवू धुतलेला सदरा घालून आलेले. यतीनने रिमोट हातात घेतला. झेलायला आज कोणी नव्हतं.

बाबू गावकर मात्र वेळेआधीच येऊन पुढे बसले होते. सोबत पोतं आणलं होतं. एक नाही, दोन.