डाव्या कोपऱ्यातला मरून कोट

"तुम्ही सिनेमा बघतच नाही! तुम्ही अंधारात बसून पॉपकॉर्न खाता, आणि तेव्हा समोर योगायोगाने काहीतरी हलत असतं, इतकंच!"

हा आरोप नेमका कोणावर होता हे सांगणं अवघड आहे. तो करताना विपुल निगम स्वतःच्या गच्चीवर एकटाच उभा होता आणि पुढ्यात पाण्याच्या टाकीला टेकवलेला मोबाइल होता. शेजारच्या गच्चीवर वड्या वाळत घालणाऱ्या बाईंनी मात्र तो आपल्यावरच आहे असं समजून पदर नीट केला.

विपुल लखनौच्या एका खासगी कॉलेजात इतिहास शिकवायचा, पण ते पोटासाठी. त्याचं खरं काम हिंदी सिनेमा वाचवणं. दर शुक्रवारी पहिला खेळ बघायचा आणि ऊन उतरलं की गच्चीवर येऊन मोबाइलसमोर सत्य बोलायचं. (आपल्याला कोणी वाचवतंय याची हिंदी सिनेमाला अजून कल्पना नव्हती.) प्रेक्षक दोन प्रकारचे. एक, हजेरी कमी असलेले विद्यार्थी. दोन, सासरची मंडळी. त्याची बायको गरिमा प्रत्येक व्हिडिओ 'श्रीवास्तव परिवार' या ग्रुपवर टाकायची. स्वतः बघायची नाही. "जेवताना ऐकलेलं असतं सगळं," ती म्हणायची.

त्याची मतं ठाम होती. सिनेमा आवडतो म्हणून ती ठाम होती, हे लोकांच्या लक्षात येत नसे. हल्लीचा नायक आग लावतो आणि तिच्याकडे पाठ करून इतक्या सावकाश चालतो, की तेवढ्यात बंब येऊन, आग विझवून, पंचनामाही उरकावा. एक भाग आपटला की दुसरा काढतात, कारण पहिला आपटला हे लोक विसरतील अशी खात्री असते. आजोबांच्या काळातलं गाणं उकरून काढतात, त्याला ढोल बांधतात आणि खाली स्वतःचं नाव लिहितात. पण विपुलचा खरा राग होता तो छोट्या शहरांवरच्या सिनेमांवर. मुंबईची माणसं लखनौत येतात आणि त्यांना दिसते फक्त गच्ची! गच्चीवर पाण्याची टाकी! टाकीशेजारी उभा राहून दुःखी तरुण भाषण करतो! कोण उभं राहतं हो असं?

(हे तो टाकीशेजारी उभा राहून विचारत होता.)

त्या शुक्रवारचा सिनेमा होता 'बारात वाया बाराबंकी'. गेल्या थंडीत लखनौच्या चौक भागातच त्याचं चित्रीकरण झालं होतं. त्यामुळे विपुलची अपेक्षा वाढलेली, आणि म्हणून संतापही.

"आणि ती वरात!" तो मोबाइलवर कडाडला. "डाव्या कोपऱ्यात मरून रंगाच्या कोटातला एक म्हातारा आहे. फेटा, मिशी, सगळं आहे. हा माणूस नाचतोय की अंगावरची पाल झटकतोय? मध्येच कॅमेऱ्यात बघतो, ओशाळतो, पुन्हा झटकायला लागतो. माझ्या लखनौत असा एकही माणूस नाही! मुंबईहून भाड्याने आणलेली माणसं आमच्या गल्लीत नाचवता आणि याला वास्तव म्हणता?"

त्या कोटावर तो चांगली तीन मिनिटं बोलला. मग समाधानाने खाली आला आणि दोन वाट्या तहरी खाल्ली. भातातला बटाटासुद्धा त्याला त्या संध्याकाळी प्रामाणिक वाटला.

सकाळी गरिमा मोबाइल हातात धरून त्याच्या उशाशी उभी होती.

"फूफाजींनी ग्रुप सोडला."

"कुठला ग्रुप?"

"श्रीवास्तव परिवार! तुझ्या व्हिडिओनंतर दहाव्या मिनिटाला. विपुल, चौकातल्या त्या वरातीत फूफाजी होते. शूटिंगला गेले होते ते."

"मला कोणी सांगितलं नाही."

"होळीला दोन तास तेच सांगत होते. तू मान डोलावत होतास."

(मान डोलावताना विपुलच्या कानात, केसांआड, एका मोठ्या दिग्दर्शकाची मुलाखत चालू होती.)

"आणि आपल्या लग्नात फूफाजींनी काय घातलं होतं? मरून कोट!"

विपुल उठून बसला.

फूफाजी म्हणजे गरिमाच्या आत्याचे यजमान, ब्रजकिशोर सक्सेना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. लखनौत लग्न निघालं की मांडव, आचारी, बँड आणि रुसलेले फूफाजी एवढं लागतंच. बँड एखाद वेळी ऐनवेळी दगा देईल, फूफाजींचं रुसणं कधीच नाही. पण या वेळचं रुसणं महाग होतं. पुढच्या रविवारी गरिमाच्या धाकट्या बहिणीचा, निहारिकाचा साखरपुडा होता, आणि स्थळ फूफाजींनीच आणलं होतं. मुलाकडचे दारातून आत आले की पहिला प्रश्न विचारणार, "सक्सेनासाहेब कुठे आहेत?" आणि सक्सेनासाहेब घरी तोंड फुगवून बसलेत असं कळलं, की ते तिथूनच मागे फिरायचे.

"मी माहेरी चाललेय," गरिमा म्हणाली. "निहारिका रडून रडून सुजलीय. फूफाजी साखरपुड्याला आले, की मी परत येईन."

"आणि नाही आले तर?"

"मग बस टाकीशेजारी."

"गरिमा, टीका ही टीका असते. टीकाकार माफी मागत नाही!"

"टीकाकाराने मागू नये," बॅगेची चेन ओढत ती म्हणाली. "दामादाने मागावी."

सासरेबुवांनी तेच जरा प्रेमाने समजावलं. "दामादजी, ते या घरचे जुने दामाद. तुमच्या लग्नाआधी कढईतली पहिली पुरी त्यांच्या पानात पडायची. तुम्ही आलात आणि पुरी तुमच्याकडे गेली. तेव्हापासून तो माणूस निमित्त शोधत होता. तुम्ही ते डब्यात घालून, वर सुतळी बांधून दिलंत."

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, विपुल मलई गिलौरी या मिठाईचा पुडा घेऊन फूफाजींकडे गेला. वाटेत त्याने एक भाषण तयार केलं होतं. त्यात कलेचं स्वातंत्र्य होतं, व्यक्ती आणि कृती यांतला फरक होता, आणि शेवटी, अगदी बारीक आवाजात, माफी होती.

दार बुआजींनी, म्हणजे गरिमाच्या आत्याने, उघडलं. फूफाजी आरामखुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंतीवर काही नव्हतं.

"विपुल आलाय," बुआजी म्हणाल्या.

"त्याला सांगा, आम्ही घरी नाही."

"फूफाजी," विपुल खुर्चीला वळसा घालून समोर गेला, वाकला, पाय धरले. "चुकलं माझं. मरून कोटाबद्दल मी असं बोलायला नको होतं. मला माहीतच नव्हतं की ते तुम्ही..."

"मी?" फूफाजी ताडकन उठले. पाय अजून विपुलच्या हातात होते, त्यामुळे दोघेही पडता पडता वाचले. "मी? तो मरून कोट मी? अहो, तो तिवारी!"

"कोण तिवारी?"

"समोरच्या घरातला! औषधाच्या दुकानातला! पाल झटकल्यासारखा नाचतो तो! मी असा नाचतो?"

विपुलला एकदम हलकं वाटलं. "म्हणजे मी तुम्हाला काहीच बोललो नाही!"

"तेच तर!" फूफाजी गरजले. "एक शब्द बोलला नाहीस! तिवारीला तीन मिनिटं! आणि त्याच्या शेजारी अख्खी रात्र मी उभा होतो, त्याचा उल्लेखही नाही! घरचा दामाद असून!"

बुआजींनी चहा ठेवला. "कोटाचंही सांगा की," त्या थंडपणे म्हणाल्या.

"कोट माझा आहे!" फूफाजींचा आवाज फाटला. "शूटिंगवाल्या पोरीने मला म्हटलं, अंकल, मरून नको, तुम्हाला क्रीम शेरवानी देते. मी साधा माणूस. दिला कोट तिवारीला. आता बघ काय चाललंय ते!"

विपुलने खिडकीतून पाहिलं. त्याच्या व्हिडिओतला आवाज आणि वरातीतला तुकडा कोणीतरी एकत्र जोडला होता आणि तो साऱ्या शहरभर फिरला होता. समोर तिवारीजी ओट्यावर बसले होते. भर उन्हात मरून कोट घालून. पानवाला त्यांच्याबरोबर फोटो काढत होता, आणि कॉलेजच्या दोन मुली "मरून चाचा, एकदा पाल झटकून दाखवा ना!" म्हणून मागे लागल्या होत्या. चाचांनी दाखवली.

"कोटसुद्धा परत देत नाही," फूफाजी खुर्चीत कोसळले. "म्हणतो, चाहत्यांना काय सांगू?"

"मग फूफाजी, मी काय करू?"

"माझ्यावर बोल."

"काय बोलू?"

"वाईट बोल! तिवारीला बोललास त्याहून वाईट! पण तीन मिनिटांच्या वर. तरच मी साखरपुड्याला येईन."

आता विपुलपुढे तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. जे पाहिलं नाही त्यावर बोलायचं नाही, ही त्याची प्रतिज्ञा होती. तेव्हा सोमवारी दुपारच्या खेळाला तो फूफाजींना घेऊन गेला. फूफाजींनी त्याचं मनगट घट्ट पकडून ठेवलं होतं. वरात आली. "आता," फूफाजी कुजबुजले. "आता... आता... हा! दिसलो?"

विपुलची नेमकी तेव्हाच पापणी लवली होती.

"स्पष्ट," तो म्हणाला.

मंगळवारी तो एकटाच पुन्हा गेला. (ज्या सिनेमाला त्याने 'एकदाही बघण्याच्या लायकीचा नाही' म्हटलं होतं, तो आता त्याच्याइतका लखनौत कोणीच बघितला नव्हता. तिकीट फाडणाऱ्याने हात जोडून विचारलं, "साहेब, एवढं काय आवडलं?") डोळे फाडफाडून बसला, आणि या वेळी त्याला दिसलं. घोडीची मान आणि नायिकेच्या बापाचा फेटा यांच्यामधल्या फटीत क्रीम रंगाची एक बाही होती. बाहीत एक कोपर होतं. फूफाजींचं बाकीचं सारं शरीर मुंबईत कुठेतरी कात्रीखाली राहिलं होतं.

संध्याकाळी विपुलने टाकीला मोबाइल टेकवला आणि शेजारी उभा राहिला. एका कोपरावर तीन मिनिटं! इतिहासाच्या तासाला पानिपतावर तो एवढा बोलायचा नाही. शेवटी त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"त्या वरातीत सगळे कॅमेऱ्यासाठी नाचतात. फक्त एक कोपर नाचत नाही." इथे तो थांबला, कारण त्याला खरंच काहीतरी आठवलं. "बघा नीट. नायक घोडीवरून पडतो, सगळे त्याच्याकडे धावतात. तेव्हा हे क्रीम बाहीतलं कोपर पलीकडे वळतं. तिथे एका म्हातारीच्या हातात आरतीचं ताट आहे. गर्दीत तिला धक्का बसतो, ताट कलंडतं, आणि ते कोपर मध्ये येऊन ते सावरतं. हे पटकथेत नसणार. दिग्दर्शकाला कळलंही नसणार, नाहीतर कापलं असतं. अडीच तासांच्या या खोटेपणात एकच खरा लखनवी आहे, आणि तोही कोपरापुरता!"

तो बोलत राहिला. नायकाच्या पगाराचा काही भाग या कोपराला मिळावा अशी त्याने मागणी केली. आपण घरच्या दबावाखाली बोलत होतो हे तो विसरूनच गेला होता, आणि याचीच त्याला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. कारण त्यातला शब्दन् शब्द त्याला पटला होता.

बुधवारी सकाळी फूफाजी ग्रुपवर परत आले. निरोप एका ओळीचा होता: 'रविवारी लवकर येतो, आचाऱ्याकडे मला बघावं लागेल.'

रविवारी मुलाकडचे आले. "सक्सेनासाहेब कुठे आहेत?" हा प्रश्न त्यांनी विचारलाच, पण वेगळ्याच उत्सुकतेने. फूफाजी क्रीम शेरवानी घालून मांडवाच्या मध्यभागी उभे होते आणि उजवी बाही कोपराच्या वरपर्यंत दुमडली होती. मुलाच्या आजीने त्या कोपराला हात लावून पाहिला. तिवारीजींना बोलावणं होतं. ते मरून कोट घालून आले आणि डाव्या कोपऱ्यात उभे राहिले. बराच वेळ त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही. मग त्यांनी हळूच कोट काढला आणि फूफाजींच्या खुर्चीवर ठेवला.

"खुश?" विपुलने गरिमाला विचारलं.

"निहारिकाकडे बघ," ती म्हणाली. निहारिका होणाऱ्या नवऱ्याशी काहीतरी बोलून हसत होती. "बॅग भरलीय मी. रात्री निघू." मग म्हणाली, "तो कोपरावरचा व्हिडिओ मी बघितला. पूर्ण."

लग्न झाल्यापासून विपुलला मिळालेली ही सर्वांत मोठी दाद होती. छाती फुगवून तो कढईजवळ गेला. आचाऱ्याने पहिली पुरी झाऱ्यावर घेतली, निथळली, आणि विपुलने सवयीने ताट पुढे केलं. पुरी त्याच्या ताटावरून तरंगत गेली आणि निहारिकाच्या होणाऱ्या नवऱ्याच्या पानात पडली. सासरेबुवा नव्या पाहुण्याला म्हणत होते, "घ्या, घ्या, आता पहिला मान तुमचा."

विपुल रिकामं ताट धरून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपण या ग्रुपमधून बाहेर पडावं.

तेवढ्यात फूफाजींनी येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर एक जुनी, अनुभवी सहानुभूती होती. दोघांना असं जवळ बघून आचाऱ्याने झारा खाली ठेवला, हात पंच्याला पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि डोळा बारीक करून नेम धरला.

"दामादजी," तो म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला सरका की. तुमच्यामुळे कोपर येत नाहीये."